संदेष्टा शमुवेल आणि राजाची किंमत



शमुवेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक लहान मुलगा उभा राहतो. रात्रीची वेळ, मंदिरातला दिवा अजून मालवलेला नाही आणि त्याला नावाने हाक येते. तीन वेळा तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धावत जातो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट ऐकली नाही असा आपल्यात क्वचितच कोणी असेल. उपासनेच्या ब वर्षात सामान्य काळातील दुसऱ्या रविवारी हेच आपले पहिले वाचन असते.

पण या मुलाचे पुढे काय झाले? तो म्हातारा झाला, त्याचे केस पांढरे झाले, आणि एके दिवशी इस्राएलाचे सगळे वडीलजन त्याच्या गावी येऊन म्हणाले की, आता आम्हाला राजा हवा. त्या वेळी शमुवेलाने त्यांना जो इशारा दिला तो राज्यसत्तेविषयी बायबलमध्ये आलेल्या अत्यंत स्पष्ट इशाऱ्यांपैकी एक आहे. हे वाचन रविवारी येत नाही. दोन वर्षांतून एकदा, सामान्य काळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी, रोजच्या मिस्सेत ते येते आणि रोजच्या मिस्सेला सगळ्यांनाच येता येत नाही. म्हणून आज या थोर संदेष्ट्याचे संपूर्ण आयुष्य आपण थोडक्यात पाहू. रोमन संतनामावलीत त्याचे स्मरण २० ऑगस्ट रोजी केले जाते.

हन्नेचे मागणे आणि हन्नेचे देणे

ही हकिगत ख्रिस्तपूर्व अकराव्या शतकातील आहे. इस्राएलाला तेव्हा राजा नव्हता. बारा वंश आपापल्या प्रदेशात शेती आणि मेंढपाळी करून राहत. संकट आले की परमेश्वर एखाद्या माणसाला उभे करी, त्याला शास्ता म्हणत. दबोरा, गिदोन, शमशोन हे असे शास्ते होते. शास्त्याला राजवाडा नसे, खडे सैन्य नसे आणि तो लोकांवर कर बसवत नसे. लोकांनी गिदोनाला गादी देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली होती, कारण त्यांच्यावर राज्य करणारा परमेश्वर होता.

एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशात एलकाना नावाचा मनुष्य राहत होता. त्याला दोन बायका होत्या, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुले होती, हन्नेची कूस मात्र रिकामी होती. पनिन्ना तिला टोचून बोले. एलकाना हन्नेची समजूत घाली, दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही का असे विचारी. पण नवऱ्याच्या प्रेमाने तिचे दुःख भरून निघत नव्हते.

दरवर्षी हे कुटुंब शिलो येथे परमेश्वराच्या उपासनेला जात असे. कराराचा कोश तेव्हा शिलोला होता. एका वर्षी हन्ना तिथे एकटीच रडत प्रार्थना करत बसली. ओठ हलत होते, आवाज मात्र निघत नव्हता. दारापाशी बसलेल्या याजक एलीला वाटले की ही बाई प्यालेली आहे. त्याने तिला दटावले. तिने नम्रपणे सांगितले की मी प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळे करत आहे. तेव्हा एलीने तिला आशीर्वाद दिला.

हन्नेने नवस केला होता की मुलगा झाला तर त्याला मी आयुष्यभर परमेश्वराला देईन. मुलगा झाला. दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोला आणले आणि एलीच्या हवाली केले. इतक्या वर्षांनी पदरात पडलेले मूल तिने स्वतःजवळ ठेवून घेतले नाही. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. मुलाला देऊन टाकताना तिने परमेश्वराची जी स्तुती गायिली, तिच्याशी पुढे पवित्र मरियेच्या स्तोत्राचे जवळचे नाते दिसते. दोघीही गातात की परमेश्वर बलवानांना खाली आणतो आणि दीनांना वर उचलतो. शमुवेलाच्या आयुष्याची सुरुवात अशी एका आईच्या देण्याने झाली, हे आपण ध्यानात ठेवू या.

मंदिरातला काटा

हे मूल ज्या मंदिरात वाढले तिथे मात्र घेणारे हात होते. एलीचे दोन मुलगे हफनी आणि फिनहास हे याजक होते. कोणी यज्ञ अर्पण करून मांस शिजवू लागला की त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, तो भांड्यात खुपसे आणि काट्याला जे लागेल ते याजकासाठी घेऊन जाई. कधी तर चरबी परमेश्वराला अर्पण होण्याआधीच कच्चे मांस मागितले जाई. थोडे थांबा असे कोणी म्हटले तर बळजबरीने घेऊ अशी धमकी मिळे. मंदिराच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशीही या दोघांचे वर्तन वाईट होते. एलीला हे सर्व ठाऊक होते. त्याने मुलांना बोल लावला, पण त्यांना त्या पदावरून दूर केले नाही.

त्या रात्री लहान शमुवेलाला जी हाक आली तिच्यामागे हे कारण होते. ती गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा बहुधा अर्धीच सांगतो. परमेश्वराने त्याला गोड निरोप दिला नव्हता. ज्या म्हाताऱ्याने त्याला वाढवले त्याच्या घराण्याचा नाश होणार, कारण मुलांचे पाप माहीत असून त्याने त्यांना आवरले नाही, हा तो निरोप होता. सकाळी शमुवेल मंदिराची दारे उघडायला गेला तेव्हा त्याला सांगायची भीती वाटत होती. एलीने आग्रह केला म्हणून त्याने सगळे सांगितले, काही लपवले नाही. एलीनेही ते परमेश्वराचे म्हणणे म्हणून मान्य केले. सत्तेच्या जागी बसलेल्या माणसाला न आवडणारे सत्य सांगणे, हे शमुवेलाच्या सेवेचे पहिले काम ठरले. तेच काम त्याच्या वाट्याला आयुष्यभर आले.

शिलोचा पाडाव

पुढे पलिष्ट्यांशी लढाई झाली. पलिष्टी समुद्रकिनाऱ्याजवळच्या पाच नगरांतून राज्य करणारे बलाढ्य लोक होते. पहिल्या दिवशी इस्राएलाचे सुमारे ४,००० लोक पडले. तेव्हा वडीलजनांनी शिलोहून कराराचा कोश रणांगणावर आणवला. कोश जवळ असला की परमेश्वराला आपल्या बाजूने लढावेच लागेल असा त्यांचा हिशोब होता. बायबल सांगते की त्या दिवशी ३०,००० पायदळ पडले, हफनी आणि फिनहास मारले गेले आणि कोश शत्रूच्या हाती गेला. ९८ वर्षांचा एली ही बातमी ऐकून आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला. आज शिलोच्या जागी झालेल्या उत्खननात त्या शतकातील जळित आणि नाशाच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे चारशेहून अधिक वर्षांनी यिर्मया संदेष्टा यरुशलेमकरांना शिलोच्या ओसाड जागेची आठवण करून देत असे.

कोश सात महिन्यांनी परत आला, पण लोकांचे मन परत यायला बराच काळ लागला. वीस वर्षांनंतर शमुवेलाने सर्वांना मिस्पा येथे जमवले. परक्या दैवतांना दूर करा, असे त्याने सांगितले. लोकांनी उपास केला, पापांची कबुली दिली. पलिष्टी चालून आले तेव्हा शमुवेल प्रार्थना करत होता. मोठा गडगडाट झाला, शत्रू गोंधळला आणि पळत सुटला. शमुवेलाने तिथे एक दगड उभारला आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड असे नाव दिले. आतापर्यंत आपल्याला कोणी तारले हे लोकांनी विसरू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

त्यानंतर शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल आणि मिस्पा या गावी फिरून न्यायनिवाडा करी आणि रामा येथे आपल्या घरी परत येई. न्यायासाठी लोकांनी त्याच्या दारात खेटे घालावेत असे नव्हते, न्याय त्यांच्या गावापर्यंत चालत जाई.

राजा द्या

शमुवेल म्हातारा झाला. त्याने आपले मुलगे योएल आणि अबीया यांना दक्षिणेकडे बैर-शेबा येथे शास्ते नेमले. पण ते बापाच्या वाटेने चालले नाहीत. ते पैशाच्या मागे लागले, लाच घेऊ लागले आणि निवाडे फिरवू लागले. एलीच्या घरात जे घडले तेच शमुवेलाच्या घरात घडले.

मग वडीलजन एकत्र होऊन रामाला आले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तू म्हातारा झालास, तुझे मुलगे तुझ्यासारखे नाहीत, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांची भीतीही खरी होती. पलिष्टी अजून डोक्यावर बसलेले होते. इस्राएल देशात त्या काळी एक लोहार उरू दिलेला नव्हता, नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड पाजळायलासुद्धा शेतकऱ्याला पलिष्ट्यांकडे जाऊन पैसे मोजावे लागत. अशा लोकांना एक बलवान नेता असावा असे वाटले तर त्यात नवल काय?

म्हणून बंधुभगिनींनो, लोक वाईट होते आणि शमुवेल चांगला होता इतक्या सोप्या रीतीने हा अध्याय वाचता येणार नाही. आधी मंदिरातील याजकांनी आणि नंतर न्यायासनावरील शास्त्यांनी लोकांचा विश्वास गमावला. ज्यांनी देवाच्या नावाने सेवा करायची त्यांनीच हात मारायला सुरुवात केली, म्हणून लोक राजाच्या शोधात निघाले. आम्हा धर्मगुरूंनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे.

तरीही लोकांच्या मागणीत एक मोठी चूक होती. इतर राष्ट्रांसारखा राजा आम्हाला द्या, असे ते म्हणाले. इतर राष्ट्रांसारखे होऊ नये म्हणून तर परमेश्वराने त्यांना मिसर देशातील फारोच्या गुलामीतून बाहेर काढले होते. लाच थांबवावी, दुसरे प्रामाणिक शास्ते नेमावेत, असे त्यांनी मागितले नाही. आमचा न्याय त्याने करावा, आमच्या पुढे त्याने चालावे, आमच्या लढाया त्याने लढाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. स्वतःवरची जबाबदारी उचलून एका माणसाच्या खांद्यावर ठेवायची आणि आपण मोकळे व्हायचे, हा त्यामागचा विचार होता.

शमुवेलाला फार वाईट वाटले. त्याने भांडण केले नाही, तो प्रार्थनेला बसला. परमेश्वराने त्याला समजावले की त्यांनी तुला नाकारलेले नाही, माझे राजेपण नाकारले आहे. तरी त्यांचे ऐक, पण आधी त्यांना नीट बजावून सांग. या एकाच अध्यायात लोकांचे ऐक असे परमेश्वर तीन वेळा सांगतो. आपल्या लोकांवर बळजबरी करून त्यांचा राजा राहणे त्याला मान्य नव्हते.

राजा काय करील

मग शमुवेलाने राजाची रीत कशी असेल ते लोकांपुढे मांडले. त्यात गूढ असे काही नव्हते. घराघरातून काय काय जाईल याची ती यादी होती.

राजा तुमचे मुलगे घेईल. कोणी त्याच्या रथांवर असेल, कोणी घोड्यांवर, कोणी रथापुढे धावेल. कोणाला हजारांवर आणि कोणाला पन्नासांवर अंमलदार नेमील. काहींना त्याची शेते नांगरावी लागतील, पिके कापावी लागतील, त्याची हत्यारे आणि रथांचे सामान तयार करावे लागेल. तो तुमच्या मुली घेईल, त्या त्याच्यासाठी सुगंधी तेले करतील, स्वयंपाक करतील, भाकऱ्या भाजतील. तो तुमची उत्तम शेते, द्राक्षमळे आणि जैतुनाचे मळे घेईल आणि आपल्या चाकरांना वाटील. धान्याचा आणि द्राक्षांचा दहावा भाग आपल्या अधिकाऱ्यांना देईल. तुमचे दासदासी आणि गाढवे घेऊन स्वतःच्या कामाला जुंपील. कळपांचाही दहावा भाग नेईल. शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे गुलाम व्हाल. त्या दिवशी, तुम्ही स्वतः निवडलेल्या राजामुळे तुम्ही आक्रोश कराल, आणि परमेश्वर तुम्हाला उत्तर देणार नाही.

मूळ हिब्रू उताऱ्यात घेणे हे एकच क्रियापद राजाच्या बाबतीत चार वेळा येते. एलीच्या मुलांचा काटा भांड्यातून जे घेई तेथेही हेच क्रियापद आहे आणि शमुवेलाच्या मुलांनी लाच घेतली तेथेही हेच आहे. याजकाचा काटा असो की राजाचा रथ, रोग एकच आहे असे जणू हे पुस्तक आपल्याला सांगते.

आणखी एक गोष्ट पाहा. राजा दुष्ट निघाला तर असे होईल, असे शमुवेल म्हणाला नाही. ही राजाची रीतच असेल असे तो म्हणाला. बलाढ्य सत्ता उभी राहते तेव्हा तिला सैन्य लागते, सैन्याला अंमलदार लागतात, अंमलदारांना जमिनी लागतात आणि त्या सर्वांना पोसण्यासाठी लोकांच्या कणग्या लागतात. संरक्षण मागताना लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त शत्रू होता. हा खर्च कोणाच्या घरातून निघणार हे त्यांना दिसत नव्हते, ते शमुवेलाने दाखवले.

लोकांनी ऐकले नाही. आम्हाला राजाच पाहिजे, यावर ते ठाम राहिले.

हिशोब देणारा म्हातारा

यानंतर शमुवेलाने जे केले त्यावरून त्याचे मोठेपण कळते. माझे ऐकले नाही, आता भोगा, असे म्हणून तो घरात बसला नाही. बन्यामीन वंशातील कीश याचा मुलगा शौल हरवलेली गाढवे शोधत त्याच्याकडे आला. तो उंच, देखणा आणि घराण्याविषयी संकोच बाळगणारा तरुण होता. शमुवेलाने त्याला जेवणाच्या पंगतीत मानाची जागा दिली, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या मस्तकावर तेल ओतले आणि त्याचे चुंबन घेतले. मिस्पा येथे चिठ्ठ्या टाकल्यावर शौलाचे नाव निघाले, तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. शमुवेलाने त्याला लोकांपुढे आणले. त्याच वेळी त्याने राज्याचे नियम लोकांना समजावले, एका पुस्तकात लिहिले आणि ते परमेश्वरापुढे ठेवले. राजा नेमताना राजाला बांधणारा लेखही त्याच दिवशी तयार झाला. अनुवादाच्या पुस्तकातही राजाविषयी असाच कायदा आहे. त्याने फार घोडे, फार बायका आणि फार सोनेरुपे बाळगू नये, नियमशास्त्राची प्रत जवळ ठेवून रोज वाचावी आणि आपल्या बांधवांपेक्षा स्वतःला उंच समजू नये.

शौलाने सुरुवातीला पराक्रम केला. अम्मोनी राजा नाहाश याने याबेश-गिलादच्या लोकांचा उजवा डोळा फोडण्याची अट घातली होती, शौलाने त्यांना वाचवले. मग गिलगाल येथे सर्व लोक जमले आणि शमुवेलाने आपल्या कारभाराचा हिशोब दिला. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणावर जुलूम केला? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? असेल तर माझ्या तोंडावर सांगा, मी परत करतो. लोकांनी एकमुखाने साक्ष दिली की त्याने कोणाच्या हातून काहीही घेतले नाही. इथेही तेच घेणे हे क्रियापद आहे. नवा राजा शेजारी उभा असताना त्या म्हाताऱ्याने आपले रिते हात दाखवले. आपले मुलगे लोकांमध्येच आहेत असे तो म्हणाला, पण त्यांच्यासाठी त्याने गादी किंवा वतन मागितले नाही.

लोकांना तेव्हा आपल्या मागणीची भीती वाटू लागली. आमच्यासाठी प्रार्थना करा, असे ते म्हणाले. शमुवेलाने त्यांना धीर दिला आणि सांगितले की तुमच्यासाठी प्रार्थना करणे मी सोडले तर ते परमेश्वराविरुद्ध माझे पाप ठरेल. ज्यांनी त्याला बाजूला सारले त्यांच्यासाठीच तो अखेरपर्यंत प्रार्थना करत राहिला.

राजाला सत्य सांगणे

हळूहळू शौल बदलला. अमालेकी लोकांवरील मोहिमेत परमेश्वराची आज्ञा मोडून त्याने उत्तम मेंढरे, बैल आणि त्यांचा राजा अगाग यांना राखून ठेवले. विचारले तेव्हा त्याने लोकांकडे बोट दाखवले आणि हे सारे यज्ञासाठी आणल्याचे सांगितले. शमुवेलाने त्याला परखडपणे सांगितले की परमेश्वराला यज्ञापेक्षा आज्ञापालन अधिक आवडते. शौलाचे राज्य त्याच्यापासून काढून घेतले जाईल हेही त्याने त्याला ऐकवले. हे सांगण्यापूर्वीची रात्र त्याने परमेश्वराकडे आक्रोश करत घालवली होती आणि नंतरही तो शौलासाठी शोक करत राहिला. त्याच्या कठोर बोलण्यामागे द्वेष नव्हता.

पुढे परमेश्वराने त्याला बेथलेहेमला इशायच्या घरी पाठवले. ज्या शौलाला आपण अभिषेक केला तोच आता हे ऐकून आपला जीव घेईल, अशी शमुवेलाला भीती वाटली. तरी तो गेला. इशायचा थोरला मुलगा धिप्पाड होता. पण परमेश्वर माणसाचे रूप आणि उंची पाहत नाही, तो अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला तिथे पुन्हा शिकावे लागले. सात मुलगे पुढून गेले. आठवा दावीद मेंढरे राखत होता, त्याला बोलावून अभिषेक केला. पुढे शौल दाविदाच्या जिवावर उठला तेव्हा दावीद पळून रामाला आला आणि म्हाताऱ्या शमुवेलाने त्याला आसरा दिला.

शमुवेल मरण पावला तेव्हा सर्व इस्राएलाने त्याच्यासाठी शोक केला. त्याला रामा येथे त्याच्या घरी पुरण्यात आले. यरुशलेमच्या वायव्येला नबी सामविल नावाची टेकडी आहे. परंपरा त्याची कबर तिथे दाखवते, आणि ज्यू व मुसलमान भाविकही त्या जागेचा मान राखतात.

इशारा खरा ठरला

शमुवेलाचे शब्द खरे ठरायला फार काळ लागला नाही. दावीद परमेश्वराच्या मनासारखा राजा होता, पण त्यानेही बथशेबाला राजवाड्यात आणवून घेतले आणि तिच्या पतीला, ऊरीयाला, लढाईत मरू दिले. शलमोनाच्या काळी देशाचे बारा विभाग करून प्रत्येकावर एक महिना राजाच्या घरचा शिधा पुरवण्याचे काम लादले गेले. रोजच्या शिध्यात १० पुष्ट बैल, कुरणातले २० बैल आणि १०० मेंढरे लागत. लबानोनात लाकूड तोडायला ३०,००० माणसे वेठीने धरली होती, त्यांतील १०,००० दर महिन्याला पाळीपाळीने जात. मंदिर बांधायला सात वर्षे लागली, राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा.

शलमोन मेल्यावर लोकांनी त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, जू थोडे हलके करण्याची विनंती केली. वृद्ध सल्लागारांनी त्याला लोकांचा सेवक होण्यास सांगितले. त्याने बरोबरच्या तरुणांचे ऐकले आणि बापापेक्षा अधिक छळण्याची धमकी दिली. लोकांनी वेठबिगारीवरील अधिकारी अदोराम याला दगडमार करून ठार केले आणि ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमारास राज्याचे दोन तुकडे झाले. पुढे अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा झाला. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने तो द्यायला नकार दिला. तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि अहाब मळा ताब्यात घ्यायला गेला. शेते आणि द्राक्षमळे जातील असे शमुवेलाने सांगितलेच होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सुम्मा थिऑलॉजिया या ग्रंथात या अध्यायाचा विचार केला आहे. शमुवेलाने सांगितलेले हक्क परमेश्वराने राजाला दिलेले नव्हते, राजे ते बळकावतील एवढेच त्याने आधी सांगितले, असे ते म्हणतात. राजाच्या हाती फार मोठी सत्ता येते, म्हणून राज्याचा जुलूम व्हायला वेळ लागत नाही, असेही ते बजावतात. ज्या कारभारात सर्व लोकांचा काही वाटा असतो आणि अधिकारी लोकांमधून, लोकांकडून निवडले जातात त्याला ते चांगले मानतात. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात मतदान हा नागरिकांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले. त्याचबरोबर नागरिकांनी शासनाच्या हाती अवाजवी सत्ता सोपवू नये आणि स्वतःच्या सोयीसाठी त्याच्याकडे वाटेल त्या मागण्या करू नयेत, कारण त्यामुळे माणसांची, कुटुंबांची आणि समाजातील गटांची जबाबदारी कमी होते, असाही सल्ला दिला.

देणारा राजा

दाविदाच्या वंशात, बेथलेहेम गावीच, आपला प्रभू जन्माला आला. लोकांच्या चुकीच्या मागणीतूनही परमेश्वराने तारणाची वाट काढली. पाच भाकरी आणि दोन माशांवर हजारो लोक जेवले तेव्हा त्यांना येशूला बळजबरीने राजा करायचे होते. तो एकटाच डोंगरावर निघून गेला. परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे, असे त्याने शिष्यांना शिकवले. अखेरीस पिलातासमोर मुख्य याजकांनी कैसराशिवाय आम्हाला राजा नाही असे जाहीर केले. रामा येथे परमेश्वराचे जे राजेपण नाकारले गेले तेच त्या दिवशी पुन्हा नाकारले गेले, आणि या वेळीही याजकच पुढे होते.

आपला राजा आपले मुलगे, मुली, शेते घेत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने भाकर मोडली आणि आपल्यालाच ती घ्यायला सांगितले. प्रत्येक मिस्सेत आपण त्याच्यापुढे रिते हात करतो आणि तो स्वतःला देतो.

बंधुभगिनींनो, आपल्यालाही माणसे निवडावी लागतात. कधी पॅरिश कौन्सिलवर, कधी एखाद्या संस्थेवर, कधी गावाच्या आणि देशाच्या कारभारावर. ज्याचा आवाज मोठा, ज्याचा दरारा मोठा, त्याच्यामागे जाणे सोपे वाटते, कारण मग आपल्याला काही करावे लागत नाही. शमुवेल आपल्याला विचारतो की हा माणूस आजवर काय घेत आला आहे, त्याला बांधणारा काही लेख आहे का, आणि त्याच्यावर टाकलेले कोणते काम खरे तर आपलेच होते? निवड झाल्यावरही आपली सुटका नाही. निवडलेल्याला सत्य सांगायचे आहे आणि त्याच्यासाठी, तो आपल्या पसंतीचा नसला तरी, प्रार्थना करायची आहे. पुढच्या वेळी मिस्सेत भाविकांच्या प्रार्थनांमध्ये देशाच्या नेत्यांचे नाव येईल तेव्हा रामाच्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवून मनापासून उत्तर देऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू